स्वस्तातले ब्लॉक्स: सगळ्यांवर 'नकली'चा शिक्का मारायचा का?

मृण्मयी_क
माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला ब्लॉक्सचं वेड आहे. लेगोचा मोठा सेट घ्यायचा तर घरात दोनदा चर्चा होते, आणि तसेच दिसणारे ब्लॉक्स बाजारात पाव किमतीला मिळतात. ते घेतले की ओळखीतले नाक मुरडतात. मला हे पटत नाही. लेगोने या ब्लॉकच्या, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटेच्या, पेटंटसाठी अर्ज केला २८ जानेवारी १९५८ रोजी. त्या पेटंटची मुदत कधीच संपली. वरच्या गुंड्यांचा आकार ट्रेडमार्क म्हणून राखायचा प्रयत्नही झाला, पण २००५ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१० मध्ये युरोपीय न्यायालयाने तो मानला नाही. आकारामागे तांत्रिक उपयोग आहे, त्यावर कायमची मक्तेदारी मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग लेगोला जुळणारी वीट दुसऱ्याने बनवली तर ती चोरी कशी? दर्जा बघावा आणि खुशाल घ्यावी.

साचेवाला
ताई, कायद्याचं बरोबर. पण 'दर्जा बघावा' हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत. मी भोसरीत मोल्डिंगमध्ये, म्हणजे साच्यात प्लास्टिक ओतून वस्तू बनवायच्या कामात आहे. या विटेची सगळी करामत पकडीत आहे: हाताने बसली पाहिजे, हाताने निघाली पाहिजे, आणि मधे आपोआप सुटता कामा नये. त्यासाठी माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांभाळावं लागतं. एबीएस, म्हणजे या विटांचं प्लास्टिक, थंड होताना अर्ध्या टक्क्याच्या आसपास आकसतं. तो हिशोब साचा करतानाच धरावा लागतो आणि पुढे प्रत्येक शॉटला, म्हणजे साचा भरायच्या प्रत्येक खेपेला, तापमान, दाब, थंड व्हायचा वेळ तोच ठेवावा लागतो. स्वस्त माल इथेच मार खातो. सायकल टाइम, म्हणजे एका खेपेला लागणारा वेळ, वाचवायला वीट लवकर बाहेर काढली की ती वाकते. भंगार दळून पुन्हा वापरलं की रंग डब्यागणिक बदलतो.

बघायचं कसं? एकाच मापाच्या दहा-बारा विटा एकावर एक चढवा आणि खिडकीसमोर धरा. फटीतून उजेड दिसला किंवा मनोरा एका बाजूला झुकला तर माप चुकलंय. कडेवरून बोट फिरवा, फ्लॅशची, म्हणजे साच्याच्या फटीतून बाहेर आलेल्या जादा प्लास्टिकची, धार लागते का ते कळेल. आणि दोन-तीन वेळा जोडून-काढून पकड सैल होते का बघा, कारण पहिल्यांदा सगळ्याच विटा घट्ट वाटतात. १९५८ च्या विटेवर आजची वीट बसते, असं लेगो सांगते. पैसे त्या सातत्याचे आहेत.

अनघा_जोशी
पकड नंतर बघू. आधी डब्यावर आयएसआय मार्क आहे का ते बघा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे. त्यामागची आयएस ९८७३ ही मानकं धारदार कडांपासून शिशासारख्या जड धातूंपर्यंत सगळं तपासायला लावतात. शिसं नजरेला दिसत नाही हो, खिडकीसमोर धरलं तरी! मार्क नसलेला डबा घेणं मला मुलाच्या जिवाशी खेळणं वाटतं. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर एवढे छोटे तुकडे, मार्क असो वा नसो, त्याच्या हाती लागूच देऊ नका.

नितीन_ठाणे
मृण्मयीताई, तुम्ही न्यायालयांचे निकाल दिलेत ते विटेपुरते. बाजारात जे पाव किमतीला मिळतं त्यातल्या बऱ्याच डब्यांत विटेबरोबर पूर्ण रचना उचललेली असते: तेच मॉडेल, तीच माहितीपुस्तिका, तेच चित्र. चीनमधल्या लेपिन या ब्लॉक्सच्या ब्रँडने हेच केलं. २०१९ मध्ये शांघाय पोलिसांनी धाड घातली, २०२० मध्ये मुख्य आरोपीला सहा वर्षांची कैद आणि नऊ कोटी युआन दंड झाला. एकेक मॉडेल रचायला डिझायनर महिनोन्महिने घालवतात. तुमच्या मुलाने उद्या काही रचलं आणि कुणी ते न विचारता डब्यात भरून विकलं तर?

मृण्मयी_क
रचनेची चोरी मलाही मान्य नाही, तसे डबे मी घेणार नाही. पण लेगोला सोवळं समजू नका. ब्रिटनच्या हिलरी फिशर पेज यांनी १९४७ मध्ये आपल्या किडीक्राफ्ट कंपनीच्या जोडविटा काढल्या. लेगोची १९४९ ची वीट त्यावरूनच घेतलेली. किडीक्राफ्टच्या विटांचे हक्क लेगोने घेतले थेट १९८१ मध्ये.

नितीन_ठाणे
खरं आहे. पण किडीक्राफ्टच्या विटेच्या पोटात आतल्या नळ्या नव्हत्या. पकड आली ती त्या नळ्यांनी, आणि १९५८ चं पेटंट त्याचंच. तिथे लेगोने स्वतःची भर घातली. लेपिनने काय भर घातली?

घाटावरचा
किमतीचं कुणीच बोलत नाही. खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. साध्या पगारात मूळ सेट परवडत नाही. माझ्या गावच्या पोरांनी काय खेळायचंच नाही?

अनघा_जोशी
खेळायचं ना. सुटे ब्लॉक्स घ्या, आयएसआयवाले, कुणाच्याही मॉडेलची नक्कल नसलेले. देशात बनलेल्यांवर ते आयातशुल्कही नाही.

साचेवाला
घ्या, फक्त मोठी बादली आणण्याआधी त्याच कंपनीचं छोटं पाकीट आणून मनोरा रचून बघा. दोन कंपन्यांचे स्वस्त ब्लॉक्स एकत्र करू नका. एकाची चूक सैल बाजूला असते, दुसऱ्याची घट्ट, आणि मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही.