एकांकिकेत ज्यूरी दाखवायचीय, मुंबईत चालेल का?

तालीमवाला_दादर
मंडळी मदत हवीय. कॉलेजसाठी एकांकिका लिहितोय, बंद खोली, खुनाचा खटला, ज्यूरीतले (म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणारे साधे नागरिक) आठ जण म्हणतात दोषी आणि एकटा म्हणतो थांबा मला शंका आहे, मग तो एकेकाला फिरवत जातो. माहितीये हे '१२ अँग्री मेन' या अमेरिकन सिनेमात आधी झालंय, पण आमच्याकडे नट नऊच आणि सेटला पैसे नाहीत, टेबल-खुर्च्यांत भागतं. काळ १९५९, मुंबई सेशन्स कोर्ट. वाचनाला सर म्हणाले "आपल्याकडे ज्यूरी कुठे असते रे" आणि सगळं तिथंच अडलं. होती ना तेव्हा? आणि वाजवी संशय म्हणजे किती टक्के संशय आला की आरोपी सुटतो? रविवारी तालीम आहे, प्लीज.

फोर्टचा_काका
होती रे बाबा. नानावटी खटला त्याच वर्षीचा, नौदल अधिकारी नानावटीवर बायकोचा प्रियकर आहुजा याच्या खुनाचा आरोप होता, २७ एप्रिल १९५९ ला आहुजाच्या घरी तीन गोळ्या सुटल्या आणि पुढे सेशन्स कोर्टात नऊ जणांची ज्यूरी बसली. पण तुझी गोची वेगळीच आहे. अमेरिकेतल्या गोष्टीत एकटा माणूस सगळ्यांना अडवतो कारण तिथे एकमत लागतं, तो हलत नाही तोवर बाकीच्यांची सुटका नाही. आपल्याकडे बहुमताचा कौल चालायचा. तुझा हिरो कितीही पोटतिडकीने बोलू दे, आठ जण म्हणणार झालं का तुमचं, चला, ८ विरुद्ध १, आणि घरी जाणार.

आता गंमत बघ. नानावटीतही ८ विरुद्ध १ च होतं, फक्त उलट, आठ म्हणाले निर्दोष. आणि जज रतिलाल मेहतांना तो कौल इतका पटला नाही की त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, कायद्यात तशी सोय होती. हायकोर्टाने जन्मठेप दिली, सुप्रीम कोर्टाने २४ नोव्हेंबर १९६१ ला ती कायम केली. म्हणजे तो एकटा शेवटी बरोबर ठरला, पण खोलीतल्या एकालाही न फिरवता! मी असतो तर हेच लिहिलं असतं.

लॉची_मुलगी_ठाणे
टक्केबिक्के काही नसतात दादा. शंकेला पुराव्यात कुठेतरी पाय हवा. वॉचमन म्हणतो मी रात्री दोनला आरोपीला जिन्यात बघितलं आणि नंतर कळतं जिन्यातला दिवा आठवडाभर बंद होता, ही झाली वाजवी शंका. "काय सांगावं, त्याच्यासारखा दिसणारा दुसरा असेल" ही नाही, ती नुसती कल्पना. १९७३ च्या बोबडे विरुद्ध महाराष्ट्र निकालात न्या. कृष्णा अय्यर यांनीही बजावलंय की संशयाच्या फायद्याचं अती कौतुक नको, उठसूट दोषी सुटले तर लोकांचा कायद्यावर विश्वास राहत नाही.

अजून एक, नानावटीचा बचाव होता की झटापटीत चुकून गोळ्या सुटल्या. अपघात म्हटलं की तो दाखवायचं ओझं आरोपीवर येतं. सरकारी बाजू विचारत होती झटापट झाली तर आहुजाच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी कसा? त्या टॉवेलवर तुझा अर्धा तास आरामात निघेल बघ 😄

गिरगावकर७८
शेवटी व्हॉइसओव्हर टाक, "आणि या खटल्यानंतर भारतातली ज्यूरी संपली". टाळ्या पक्क्या.

फोर्टचा_काका
नको, परीक्षकांत एखादा वकील निघाला तर पंचाईत. ज्यूरी बंद करा असं लॉ कमिशनने (कायद्यात सुधारणा सुचवणारा सरकारी आयोग) १९५८ लाच म्हटलं होतं, नानावटीच्या आधी. काही राज्यांनी आधीच गुंडाळली होती, देशभराचं म्हणशील तर १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच ठेवली नाही. पारशी विवाह कोर्टात मात्र अजून ज्यूरीसारखे पाच प्रतिनिधी बसतात, पण तिथे घटस्फोट, खून नाही.

तालीमवाला_दादर
काका, ताई, जबरदस्त. मग उलटं करतो, आठ जण सोडा म्हणतात, एकटा टॉवेलला धरून बसतो, कोणी ऐकत नाही, मतदान होतं आणि सगळे चहा मागवतात. त्याला शेवटपर्यंत कळतच नाही की जजही त्याच्याच बाजूचा आहे. फक्त आता त्या आठांना संवाद काय देऊ, ते आत्ताच ग्रुपवर विचारायला लागलेत आमचा रोल कापला का म्हणून.