काल्पनिक राज्यात पत्तेकऱ्यांची श्रेणी दाखवायचीय, तिचं काम काय ठेवू?

एक्का_परभणी:
राम राम मंडळी. आम्ही चौघं दर रविवारी रोल-प्लेइंग गेम खेळतो, राज्य आमचंच, कर्दळगड, देवगिरीच्या यादवांसारखं पण सगळं काल्पनिक. त्यात पत्ते खेळणाऱ्यांची एक श्रेणी, म्हणजे एका धंद्यातल्यांचा संघ, टाकायचीय, जुन्या काळी सोनारांची, कोष्ट्यांची असायची तशी. पण आतापर्यंत जे लिहिलं ते नुसती जुगाऱ्यांची टोळी वाटायलंय. राजा त्यांना मोकळं का सोडील अन् लोक मान का देतील हेच जमंना गेलंय. आणि पत्ते कोणते घेऊ? बदाम-इस्पिक घेतलं की पारावर मेंढीकोट चाललाय असंच वाटतं.

बालाघाटी:
गंजिफा घ्या ना दादा! गोल पत्ते, सावंतवाडीला अजून हातानं रंगवतात. दशावतारीत विष्णूच्या दहा अवतारांचे १० रंग, प्रत्येकात राजा, प्रधान अन् एक ते दहा, म्हणजे १२० पानं. मोगल गंजिफ्यात ८ रंग, ९६ पानं. राणी नाहीच. अर्ध्या रंगांत राजा-प्रधानाखाली दश्शी वरचढ, उरलेल्या अर्ध्यांत उलटं, एक्का वरचढ अन् दश्शी सगळ्यात हलकी, त्यामुळं कुठलं पान गेलं कुठलं राहिलं हे डोक्यात ठेवणाराच टिकतो. श्रेणीत घेताना हीच परीक्षा ठेवा. अजून एक, दिवसा ज्याच्याकडं रामाचा राजा त्याची उतारी, म्हणजे पहिलं पान त्यानं टाकायचं, रात्री कृष्णाचा राजा असंल त्याची. आता डाव ऐन दिवेलागणीला मांडला तर उतारी कोणाची? भांडण होणारच, अन् निवाडा श्रेणीचा.

गोदाकाठ:
राजाचं उत्तर कौटिल्याकडं आहे. अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे, खेळ त्यानं ठरवलेल्या जागीच, बाहेर खेळला तर १२ पण (तेव्हाचं नाणं) दंड, फासे तोच पुरवणार, खोटे फासे वापरले तर शिक्षा, अन् जिंकलेल्यातले शेकडा ५ राजाचे. ते फाशांचं आहे पण पत्त्यांना जसंच्या तसं लागतं. तुमच्याकडं हे काम राजानं श्रेणीला दिलंय असं दाखवा, पानं श्रेणीच्या शिक्क्याचीच.
आणि श्रेणी म्हणजे पैसा सांभाळणारी जागा हे विसरू नका. नाशिकच्या लेण्यातल्या लेखात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात यानं तिथल्याच गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडं ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमचे ठेवलेत, २००० वर महिना शेकडा १ व्याज अन् १००० वर पाऊण, मुद्दल परत घ्यायची नाही, व्याजातून भिक्षूंचा खर्च. एवढा भरोसा होता लोकांचा. तुमच्या पत्तेकऱ्यांकडंही दोघांची पैज आधी जमा होऊ द्या, डाव मोडला तरी रक्कम हलणार नाही.

बीडची_लेक:
मान कशामुळं मिळंल ते मी सांगते. आमच्या पणज्यानं श्रावणात पत्त्यात दोन एकर घालवलं, आजी ते मरेपर्यंत बोलून दाखवायची, अन् पारावर बसलेल्या एकानंही त्यांचा हात धरला नव्हता. तुमच्या श्रेणीचा पहिला नियम हा करा की जमीन, बैल, बियाणं डावावर लावायचं नाही, अन् कोणी लावलंच तर श्रेणीनं पानं उचलून डाव बंद करायचा. मग बायासुद्धा त्यांच्या दारात पाणी ठेवतील.

एक्का_परभणी:
ताई, हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. येत्या रविवारचा डाव ठरला, सरदाराचा पोरगा दिवेलागणीला बैलजोडी लावतोय, हातात कृष्णाचा राजा, अन् श्रेणीचा म्हातारा पानं उचलायला उठलाय.