आईबाबांसाठी ज्येष्ठांचं केंद्र निवडायचंय, नक्की काय बघायचं?

शेंडेफळ

मंडळी सल्ला हवाय, थोडं लांबण लागणारे, आधीच सांगते.

बाबा ७८, आई ७४. आईला सुरुवातीचा स्मृतिभ्रंश आहे असं डॉक्टरांनी सांगितलंय. घरातलं बरंचसं अजून करते पण एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते आणि एकटीला सोडलं की घाबरते, त्यामुळे बाबा तिला सोडून कुठेच जात नाहीत. त्यांचं फिरणं बंद, मित्र बंद, आता फोनवर पण दोन वाक्यांच्या वर बोलत नाहीत. ऐकू कमी येतं, मशीन घेतलंय ते कपाटात. आणि मध्यंतरी दोनदा तोल गेला, "पडलो नाही, चौकट धरली" म्हणतात, खरंखोटं देव जाणे.

आम्ही भावंडं सगळी लांब. त्यांच्या घराजवळ ज्येष्ठांसाठी दोन केंद्रं आहेत. एकाचं वेळापत्रक बघून मलाच जावंसं वाटलं, गाणी, चित्रकला, मोबाइल शिकवणी, सहली, रोज काहीतरी. दुसरं लहान, एक हॉल आणि एक ऑफिस, तिथे फोन केला तर म्हणाले आमच्याकडे ॲक्टिव्हिटी मोजक्याच, पण सपोर्ट सर्व्हिसेस आहेत. आता हे सपोर्ट म्हणजे प्रत्यक्षात काय असतं? आणि बाबांचं तर "मी काय म्हातारा झालोय का" हे पालुपद चालूच आहे. भाऊ म्हणतो पहिलंच घेऊ, निदान मन रमेल. तुम्ही काय बघून ठरवलं असतं?

चालता_बोलता

फिजिओथेरपिस्ट आहे, ज्येष्ठांच्या बॅचेस घेते म्हणून लिहितेय. शेंडेफळ, तुमच्या सगळ्या पोस्टमधे मला ते दोनदा तोल गेल्याचंच वाक्य दिसलं, चित्रकला नंतर बघू.

कुठल्याही बऱ्या केंद्रात एक साधी चाचणी करतात. हात टेकायची सोय असलेली खुर्ची, ३ मीटरवर जमिनीला चिकटपट्टी, माणसाने उठायचं, नेहमीच्या चालीने पट्टीपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. मी सेकंदांपेक्षा वळताना बघते. चांगला चालणारा माणूससुद्धा वळताना पावलं तोडून तोडून टाकायला लागला की समजायचं. दोन्ही केंद्रांना विचारा अशी तपासणी करता का आणि करून पुढे काय करता.

दुसरं, व्यायामाचा तास असतो म्हणजे काय असतं ते डोळ्यांनी बघा, कारण बऱ्याच ठिकाणी तासभर खुर्चीत बसून हात वर हात खाली चालू असतं. वाईट नाही ते, पण तोल सुधारायचा तर उभं राहूनच काम करावं लागतं. खुर्चीच्या पाठीला धरून टाचा उचलणं, एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवून उभं राहणं, मग हळूहळू धरलेला हात सोडणं. न्यूझीलंडमधे ओटागो नावाचा व्यायामक्रम तयार झाला, पायांची ताकद, तोल आणि चालणं एवढंच आहे त्यात, पण तिथल्या अभ्यासांत पडण्याचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने कमी झालं. ताई ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायामप्रकार पण उत्तम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमधे ६५ च्या पुढच्यांना तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून ३ किंवा जास्त दिवस सांगितलेत, म्हणजे महिन्यातून एकदा होणारं शिबिर वगैरे काही कामाचं नाही.

आणि बीपी तपासणी असेल तर एक मागणी करा. बाबांना ५ मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्यायचं, मग उभं करून १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी परत. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना दाखवायचंच, बरेचदा झोपेची गोळी, बीपीची गोळी, लघवीची गोळी यांचा एकत्र परिणाम असतो. काही केंद्रांत फार्मासिस्ट ठराविक दिवशी येतात, त्या दिवशी घरातल्या सगळ्या गोळ्या, अगदी शेजाऱ्याने दिलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्या.

खिडकी_नंबर_३

सपोर्ट म्हणजे काय हे मी सांगू शकतो, निवृत्तीनंतर अशाच एका केंद्राच्या टेबलावर बसतो.

खरं सांगू, हॉलमधे जे चालतं ते फोटोत येतं आणि टेबलावर जे चालतं ते कुठेच येत नाही. पेन्शनचा कागद अडकलाय, दवाखान्यात जायचंय पण सोबत कोणी नाही, घरी येऊन मदत करणारी बाई हवी पण विश्वासाची, वॉकर हवाय पण तात्पुरता, मृत्युपत्र कसं करायचं, बँकेतून बोलतोय म्हणून फोन आला आणि ओटीपी दिला आता काय. ह्यातलं सगळं केंद्र स्वतः करत नाही, करूही शकत नाही. पण चांगल्या केंद्राकडे कुठे पाठवायचं ते माहीत असतं आणि पाठवल्यावर काम झालं का ते विचारणारा माणूस असतो. नुसतं माहितीपत्रक हातात देणं ह्याला मी सपोर्ट म्हणत नाही.

तुम्ही एकच प्रश्न विचारा दोन्हीकडे. रोज येणारा माणूस दोन दिवस आला नाही तर तुम्ही काय करता? आमच्याकडे रजिस्टरला शेवटी एक बारीक रकाना आहे, "फोन केला का". सलग दुसऱ्या दिवशी सही नसेल तर तिथे टिक येईपर्यंत रजिस्टर कपाटात जात नाही. एकदा फोन उचलला नाही म्हणून घरी माणूस पाठवला तर आजी खरंच न्हाणीघरात बसून होत्या, उठता येत नव्हतं. जिथे ह्या प्रश्नावर "येतील की उद्या" असं उत्तर येईल तिथलं वेळापत्रक कितीही रंगीत असो.

आणि जायचं तर उद्घाटनाच्या किंवा कार्यक्रमाच्या दिवशी जाऊ नका, मधल्या वारी साध्या वेळी जा. नवीन माणूस दारात उभा राहिला की कोण उठून येतं ते बघा.

उंटावरचा_शहाणा

वरच्या दोघांना अनुमोदन, पण बाबा जाणारच नसतील तर ह्या सगळ्या चर्चेचा उपयोग शून्य.

"मन रमेल" हे वाक्य त्यांच्यासमोर अजिबात काढू नका. आयुष्यभर काम केलेल्या माणसाला मन रमवायला पाठवतोय असं कळलं की तो उंबरठा ओलांडत नाही. काम द्या. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात मेन्स शेड, म्हणजे पुरुषांनी जमून हातकाम करायच्या जागा, सुरू झाल्या त्या ह्याच कल्पनेवर. पुरुषांना गप्पा मारायला या म्हटलं तर येत नाहीत, पण मोडकी खुर्ची दुरुस्त करायला येतात आणि रंधा मारता मारता बायकोच्या आजारपणाबद्दल आपोआप बोलतात, समोरासमोर बसून नाही, शेजारी शेजारी उभं राहून. बाबांना हिशोब येतो का, वायरिंग येतं का, हस्ताक्षर चांगलं आहे का? केंद्राला आधी फोन करून सांगून ठेवा आणि त्यांच्याकडूनच बोलावणं येऊ दे, की आमचं अमुक काम अडलंय.

अवांतर: न्यूयॉर्कमधे १९४३ साली विल्यम हॉडसन सेंटर सुरू झालं, अमेरिकेतलं पहिलं ज्येष्ठांचं केंद्र म्हणून त्याचं नाव घेतात. ते कसं निघालं, तर सरकारी मदतीच्या ऑफिसातल्या लोकांच्या लक्षात आलं की म्हातारी माणसं काम नसतानाही येऊन बोलत बसतात. म्हणजे टेबल आधी आणि हॉल नंतर. खिडकीकाका, तुमची बाजू भक्कम आहे.

अर्धी_झोप

शेंडेफळताई, सगळे बाबांबद्दलच बोलतायत, आईचं काय? मी यजमानांचं चारपाच वर्षं करतेय म्हणून विचारते.

हे नीट समजून घ्या की ज्येष्ठांचं केंद्र वेगळं आणि डे केअर वेगळं. केंद्रात माणूस आपलं आपण येतो, आपलं आपण जातो, मधेच उठून बाहेर गेला तर ती केंद्राची जबाबदारी नसते. डे केअरमधे माणसं मोजून ठेवलेली असतात, दार सांभाळतात, गोळ्या वेळेवर देतात, संडासला नेतात. आज आई केंद्रात बसू शकेल, बाबा सोबत असतील तर नक्कीच, पण पुढे तिला डे केअर लागेल तेव्हा ह्या केंद्रातून त्याची वाट आहे का ते आत्ताच विचारा. आणि फॉर्मवर आजार लपवू नका. घरचे लपवतात, मग आई हॉलमधे गोंधळली की सगळे बघत बसतात आणि ती परत जायला तयार होत नाही.

मेमरी कॅफे किंवा अल्झायमर कॅफे आहे का तेही विचारा. हे नेदरलँड्समधे १९९७ ला बेरे मीसेन ह्या मानसशास्त्रज्ञांनी सुरू केलं, आता बऱ्याच देशांत चालतं. आजारी माणूस आणि त्याचं करणारा, दोघांनी एकत्र जायचं. तिथे तोच प्रश्न दहा वेळा विचारला तरी कोणी मान वळवून बघत नाही, हे किती मोठं आहे ते बाहेरच्याला नाही कळत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ह्यांनी शेजारच्या गृहस्थांना त्यांचं नाव सारखं विचारलं आणि ते गृहस्थ दर वेळी तितक्याच उत्साहात सांगत होते, त्यांनाही आठवत नव्हतं ना आधी सांगितलेलं. मला हसू आवरेना आणि त्यांच्या सौ. पण हसायला लागल्या, मग आमची मैत्रीच झाली.

आणि बाबांसाठी सगळ्यात मोठा सपोर्ट म्हणजे कोणीतरी दोन तास आईला बघणं. तेवढ्यात ते झोपले तरी चालेल. सांभाळणाऱ्यांचा गट असेल तर तोही, पण त्या वेळात आईला बघणारं कोणी तिथेच असलं पाहिजे, नाहीतर तो गट कागदावरच.

शेंडेफळ

बापरे, भरपूर मिळालं. अर्धी_झोप, खरंच हे लक्षातच आलं नव्हतं, आम्ही आईला घरी ठेवून बाबांना पाठवायचा विचार करत होतो, म्हणजे तिच्यापाशी कोण बसणार हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

दोन्हीकडे फोन केला. रंगीत वेळापत्रकवाले म्हणाले हजेरी आम्ही फक्त सहलीला घेतो. लहान केंद्रातल्या बाईंनी उलट मलाच विचारलं, घरात कोण कोण असतं, किल्ली कोणाकडे असते, आई रात्री उठते का. भाऊ अजून पहिल्यावरच अडलाय, पण त्याला हा धागा पाठवलाय. शहाणेसाहेब, बाबांना रेडिओ दुरुस्तीचं वेड होतं, ते सांगितलंय बाईंना.

आता कानाचं सांगा. हॉलमधे गोंगाट असतो म्हणून बाबा मशीन काढून ठेवतील आणि मग नुसते हसत बसतील, मला माहितीये.

चालता_बोलता

हो, ते हसत बसणं फार फसवं असतं, लोकांना वाटतं काका मजेत आहेत. कानाचा विषय हलका घेऊ नका. लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मधे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या ज्या टाळता येण्यासारख्या १४ गोष्टी सांगितल्या त्यात कमी ऐकू येणं आहे आणि एकटेपणा पण आहे, बाबांकडे सध्या दोन्ही.

मशीन एकदम गर्दीत लावायला लावू नका, आधी घरी, शांततेत, रोज थोडा वेळ, मग वाढवायचं. जिथून घेतलं तिथे परत नेऊन आवाज बसवून घ्या, त्यासाठी दोनतीन खेपा लागतातच आणि लोक पहिल्या खेपेनंतर कपाटात टाकतात. हॉलमधे भिंतीकडे पाठ करून, खिडकीकडे बोलणाऱ्याचं तोंड येईल असं बसायचं. गट लहान आणि टेबल गोल असेल तर उत्तम. हॉलला इंडक्शन लूप, म्हणजे माइकचा आवाज कानाच्या मशीनपर्यंत पोचवणारी तार, आहे का विचारा, असेल आणि मशीनला टी सेटिंग असेल तर माइकवरचा आवाज थेट कानात येतो, गोंगाट मधे येत नाही.

खिडकी_नंबर_३

किल्लीचं विचारलं म्हणजे बाई जाणकार आहेत. फॉर्मवर तातडीच्या संपर्कात तुम्हा भावंडांचे नंबर द्याच, पण पहिला नंबर पाच मिनिटांत चालत पोचेल अशा माणसाचा लिहा, आणि त्या माणसाला आधी विचारून. आमच्याकडे निम्म्या फॉर्मांवर दुसऱ्या गावातल्या मुलामुलींचेच नंबर आहेत.