जुन्या एक्सपी संगणकावरील पेजमेकरचे काम वापरलेल्या, पण नव्या पिढीच्या संगणकावर कसे न्यावे?

तालुका_छापखाना
नमस्कार. आमचे लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि हँडबिले छापण्याचे लहान मुद्रणालय आहे. सर्व अक्षरजुळणी आजही विंडोज एक्सपीच्या एकाच संगणकावर, पेजमेकर ७.० या पानांची मांडणी करण्याच्या प्रोग्राममध्ये होते. मराठीसाठी श्रीलिपीचे फॉन्ट आहेत, आणि कळफलक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे लॉक (ज्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही असे छोटे उपकरण) संगणकामागील जुन्या २५ पिनांच्या प्रिंटर पोर्टला लावलेले असते. हा संगणक आता काम चालू असतानाच बंद पडू लागल्यामुळे, एका कार्यालयातून निघालेला सहाव्या पिढीचा आय-५ संगणक घेतला असून त्यावर विंडोज १० (६४ बिट) आहे. जुन्या फायली हजारोंनी आहेत, आणि ‘मागचीच पावती, फक्त पत्ता बदला’ असे म्हणत गिऱ्हाईक आले की त्यांतलीच एखादी उघडावी लागते. पेजमेकरचे अख्खे फोल्डर कॉपी केले तर चालेल का, की जुनी हार्ड डिस्कच नव्या संगणकात बसवावी?

डिस्कवाला
दोन्ही टाळावे. पेजमेकर बसवला जातो तेव्हा तो स्वतःच्या फोल्डरखेरीज विंडोजच्या रजिस्ट्रीतही (सेटिंग्जच्या नोंदवहीत) नोंदी करतो, त्यामुळे नुसते फोल्डर उचलून नेल्यास तो नीट चालण्याची खात्री नाही. जुन्या डिस्कवरून नवा संगणक सुरू करू गेल्यास एक्सपीला तेथील डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर सापडत नाही आणि बहुधा निळा पडदाच दिसतो.

संगणक मध्येच बंद पडण्याचे कारण पुष्कळदा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) किंवा मदरबोर्डवरचे फुगलेले कपॅसिटर असते, म्हणजे डिस्क कदाचित धडधाकट असेल. तरीही इतर काहीही करण्याआधी तिची पूर्ण प्रत काढावी. डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरने नव्या संगणकाला जोडावी. ती ४० पिनांची आयडीई आहे की साटा, हे पाहूनच अडॅप्टर घ्यावा, आणि त्याला स्वतंत्र वीजपुरवठा असावा, कारण साडेतीन इंची डिस्कला लागणारे १२ व्होल्ट यूएसबीतून मिळत नाहीत. दोन्ही संगणक लॅनने जोडून फायली ओढण्याच्या खटाटोपात पडू नये. एक्सपी ज्या जुन्या एसएमबी-१ पद्धतीने बोलतो, ती विंडोज १० च्या नंतरच्या आवृत्त्यांत मुळात बसवलेलीच नसते. ‘माय डॉक्युमेंट्स’ उघडताना परवानगी नाकारली गेली, तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून त्या फोल्डरची मालकी स्वतःकडे घ्यावी. मात्र एक्सपीवर ज्या फायलींची नावे हिरव्या अक्षरांत दिसतात त्या कूटबद्ध असतात, आणि त्या जुना संगणक चालू आहे तोवर तेथेच मोकळ्या करून घ्याव्या लागतील.

खिळाजुळारी
पेजमेकर ७.० हा ३२ बिटचा प्रोग्राम असल्यामुळे मूळ सीडीवरून बसवल्यास ६४ बिट विंडोज १० वर बहुधा चालतो. तो ‘प्रोग्राम फाइल्स’च्या बाहेर, स्वतंत्र फोल्डरात बसवून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने सुरू केला, तर लिहिण्याच्या परवानगीच्या बऱ्याच कटकटी वाचतात. खरी अडचण त्याच्यापुढची आहे, आणि ती अक्षरजुळणी करणाऱ्यांनाच ठाऊक असते.

फॉन्ट इंटरनेटवरून नव्याने गोळा न करता जुन्या डिस्कवरील विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरातूनच घ्यावेत, कारण नावात थोडा जरी फरक पडला तरी पेजमेकर पॅनोजची खिडकी उघडून दुसरा फॉन्ट सुचवतो, आणि नकळत ‘ओके’ दाबून फाईल सेव्ह केली की सगळ्या मजकुराची गिचमीड होते. तेथे ‘कॅन्सल’ करून आधी योग्य फॉन्ट बसवावा. मोठी चित्रे अनेकदा फायलीत नसतात, फक्त जोडलेली असतात, म्हणून ती पूर्वी डी ड्राइव्हवर असतील तर नव्या संगणकावरही डी हेच अक्षर आणि तीच फोल्डरे ठेवावीत. शिवाय पेजमेकर ओळींची मांडणी निवडलेल्या प्रिंटरनुसार करतो. प्रिंटर बदलल्यावर तो मजकूर पुन्हा बसवण्याविषयी विचारतो, आणि तसे केल्यास ओळी वेगळ्या ठिकाणी तुटू शकतात. पावतीपुस्तकाच्या चौकटीत हे लगेच दिसते, म्हणून जुना छापील नमुना शेजारी ठेवूनच पहिली प्रत काढावी.

तालुका_छापखाना
दोघांचेही आभार. पेजमेकरची सीडी आहे. लॉकचे काय करावे? नव्या संगणकाला तो पोर्टच नाही. यूएसबीची केबल बाजारात मिळते असे दुकानदार म्हणतात.

डिस्कवाला
ती केबल घेऊ नये. ती फक्त प्रिंटरसाठी असते आणि लॉकला लागणारा खरा पोर्ट तिच्यातून तयार होत नाही. पीसीआय एक्स्प्रेसचे पोर्ट कार्ड मिळते, परंतु त्यानंतरही लॉकचा ६४ बिट ड्रायव्हर लागेलच. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका विंडोजच्या आत दुसरी विंडोज चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) एक्सपी चालवायचे म्हटले, तरी यूएसबी लॉक आत पोहोचवता येते, या जुन्या पोर्टवरचे पोहोचवणे मात्र फार जिकिरीचे आहे. खरेदीची पावती दाखवून निर्मात्यांकडे यूएसबी लॉक बदलून मिळते का, हे आधी विचारावे. तोवर एक लक्षात घ्यावे, की फॉन्ट साध्या ट्रूटाइप स्वरूपात असतील तर जुनी फाईल पाहण्यास आणि छापण्यास लॉक लागत नाही, ते नवीन टंकनासाठी लागते.

सावकाश_युनिकोड
माझे मत थोडे वेगळे आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी व टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागत असल्याने आपला संगणक तेथे अधिकृतपणे जाऊ शकत नाही. त्यामुळे तो इंटरनेटपासून दूर ठेवून फक्त छपाईच्या कामाला वापरावा. नवी कामे युनिकोडमध्ये (प्रत्येक मराठी अक्षराला ठरलेला संकेत असणाऱ्या पद्धतीत) सुरू करावीत, परंतु हजारो जुन्या फायली एकदम बदलण्याचा घाट घालू नये. जी परत मागितली जाते तीच बदलावी. इनडिझाइनमध्ये (पेजमेकरनंतरच्या पानमांडणीच्या प्रोग्राममध्ये) जायचे असल्यास पेजमेकरच्या फायली सीएस६ पर्यंतच्याच आवृत्त्या उघडतात, आणि तेथेही मजकूर जुन्याच फॉन्टच्या संकेतांत राहतो, त्याला युनिकोडमध्ये आणण्यासाठी परिवर्तक वेगळा वापरावा लागतो. दरम्यान, नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या फायलींची फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ जुन्या संगणकावरच काढून ठेवावी. अशा पीडीएफमध्ये ‘पाटील’ शोधले तर काहीच सापडत नाही, कारण आत मराठी अक्षरांऐवजी रोमन चिन्हांचे संकेत असतात, म्हणून फायलीच्या नावातच गिऱ्हाइकाचे नाव, कामाचा प्रकार आणि वर्ष घालावे.