बेळगावची रोबोट स्पर्धा: संघ कसे पाडायचे?

प्रेषक: निपाणीकर

मंडळी, नमस्कार. आपल्या मंडळाच्या गणपतीच्या हिशेबातली शिल्लक यंदा सीमाभागातल्या शाळांसाठी वापरायचं ठरलंय. माझी सूचना अशी: एक मराठी शाळा, एक कन्नड शाळा, दोघींना एकेक रोबोट किट आणि डिसेंबरात बेळगावात सामना. जिंकेल त्याला ढाल. त्या निमित्तानं पोरांच्या ओळखी होतील. कुणाचं काही म्हणणं असेल तर रविवारपर्यंत कळवा, नाहीतर पैसे पाठवून देतो.

प्रेषक: शहापूरकर वहिनी (सध्या मुक्काम बेळगाव)

भावजी, पैसे पाठवा, पण सामना असा नको. मराठी विरुद्ध कन्नड हा सामना इथं १९५६ पासून चालूच आहे, त्याला रिमोट जोडून काय मिळणार? ढाल कुणीही नेली तरी रात्री व्हॉट्सॲपवर काय फिरेल ते मी सांगायला नको. आणि डिसेंबर तर मुळीच नको. सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, बाहेर मोर्चे आणि बंदोबस्त. २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, एसटी बंद झाली, तेव्हा सासूबाई कोल्हापुरात अडकल्या होत्या.

आमची लेक तिकडे तुमच्याकडे ‘फर्स्ट टेक चॅलेंज’ ही शाळकरी पोरांची रोबोट स्पर्धा खेळते. त्यात प्रत्येक सामना दोन संघ विरुद्ध दोन संघ असतो. पहिले तीस सेकंद रोबोट आपला आपण चालतो, पुढची दोन मिनिटं पोरं चालवतात. साखळी फेरीत जोडीदार दरवेळी बदलतो आणि तो तुम्ही निवडायचा नसतो. सकाळी ज्यानं धुतलं तोच दुपारी जोडीला. म्हणून शेजारच्या टेबलावर कुणाची मोटर जळाली की आमची पोरं आपल्या डब्यातली काढून देतात. दुपारी तो रोबोट हलला नाही तर पंचाईत आपलीच ना! डीन केमन यांनी १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ ही ती भरवणारी संस्था काढली. एमआयटीचे वुडी फ्लॉवर्स या वागण्याला ‘ग्रेशस प्रोफेशनॅलिझम’ म्हणत. मी लेकीला सांगते, जीव तोडून खेळ, पण मागितला तर स्क्रू दे.

आता परवाची गंमत. इथल्या एका शाळेत दोन मराठी माध्यमाची आणि दोन कन्नड माध्यमाची पोरं एका रोबोट गाडीच्या कामाला बसवली. पुठ्ठ्याचा सांगाडा, पिवळ्या मोटरी, चालवणाऱ्याची पाठ रिंगणाकडे. रिंगणाशी उभी कन्नड मुलगी ओरडली, “एडक्क! एडक्क!” म्हणजे डावीकडे. आमच्या गल्लीतल्या पोरानं रिमोट खाली ठेवला. “बघा की ओ मॅडम, ही मला येडा म्हणते.” त्याला शाळेत कन्नड आहे, पण गडबडीत कानाला मराठीच ऐकू येतं. पोट धरून हसलो सगळे. मग त्यांनीच ठरवलं, डावीकडे म्हणजे ‘येडं’ आणि उजवीकडे म्हणजे ‘शहाणं’. संध्याकाळपर्यंत ती मुलगीसुद्धा “शहाणं, शहाणं, थोडं येडं” असं ओरडत होती, आणि गाडी बरोबर वळत होती.

तेव्हा प्रत्येक संघात दोन आणि दोन, आणि चालवणाऱ्याला रिंगण दिसायचं नाही, एवढी अट ठेवूया. शाळांमध्ये भांडण लागायला जागाच नको. नवीन किटही नको. अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे पोरांनी यंत्रं जोडून बघायच्या प्रयोगशाळेसाठी, सरकार शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान देतं. मी पाहिलेल्या लॅबमध्ये अर्धं सामान अजून प्लास्टिकात होतं, किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात.

प्रेषक: खानापूरकर

वहिनी, गोष्ट गोड आहे. पण सुप्रीम कोर्टात महाराष्ट्राचा सीमाभागावरचा दावा २००४ पासून पडून आहे. आमच्या गावच्या मराठी शाळेत दोन वर्गांना मिळून एक गुरुजी. ग्रामपंचायतीतून साधा दाखला घ्यायचा तर तो कन्नडात, वडिलांना वाचून दाखवायला माणूस शोधावा लागतो. मंडळाची वर्गणी मराठीसाठी म्हणून गोळा होते. पोरांना हसवून सगळं विसरायला लावायचं, असं तर होत नाही ना? रागावू नका, पण मला हे टोचलं.

प्रेषक: शहापूरकर वहिनी

रागावले नाही. एक नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत आमच्या घरचेही असतात. रिमोट खाली ठेवणारं ते पोरगंही गेलं होतं आणि पुढच्या वर्षीही जाईल. दावा कोर्टात आहे, तो येड्या-शहाण्यानं सुटणार नाही. सुटेल असं मी म्हटलेलंही नाही. पण त्याला आणि त्या कन्नड मुलीला उद्या उद्यमबागेतल्या कारखान्यात एकाच लेथवर पाळ्या करायच्या आहेत, नाहीतर एकाच कॉलेजात व्हीटीयूची, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग विद्यापीठाची, परीक्षा द्यायची आहे.

आणि नियमांचा कागद मराठी आणि कन्नड दोन्हीत, सारख्याच टायपात, ही माझी अट आहे. त्यावरून शाळेशी दोनदा वाजलं. “मराठीतलं तोंडी सांगूया की,” म्हणाले. मी म्हटलं, मग कन्नडही तोंडीच सांगा. आता दोन्ही छापतायत.

गुरुजींचं तुमचं खरं आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण जांबोटी-कणकुंबीकडची पोरं आणायची असतील तर गाडी करावी लागेल आणि अंधाराच्या आत परत सोडावी लागतील. तिकडे घाटात काळोख लवकर होतो. तारीख फेब्रुवारीतला पहिला रविवार, पुढे दहावीच्या परीक्षा. सोल्डरिंग गन चार लागतील, त्या इथंच घेते. लिथियम सेल तिकडून कुणी आणू नका, सुटे सेल विमानात चेक-इन बॅगेत चालत नाहीत.

प्रेषक: निपाणीकर

ढाल रद्द. तिचे पैसे गाडीला वळते केले. खानापूरकर, जांबोटीचा तो टेंपोवाला अजून गाडी चालवतो का? नंबर मला वेगळा पाठवा, लिस्टवर नको.