चार बोलींचे श्रोते, एक गायक: सोलापुरात पोस्टर एक लावायचं की चार?

(एक चर्चा. प्रत्येक नोंदीवरचं नाव हे बोलणाऱ्याचं टोपणनाव.)

दत्त चौक
समजा एक पॉप गायक आहे. बहुतेक गाणी मराठी-हिंदी, पण तीन-चार तेलुगू, दोन कन्नड आणि एका गाण्यात दखनी (दक्षिणेकडच्या उर्दूची बोली) रॅप. आता त्याला ऐकणारी मंडळी बघा. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या विडी कामगार बायका, यंत्रमागावरची पोरं, जुळे सोलापुरातले इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, विजापूर वेशीतली दखनी बोलणारी तरुण मंडळी, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडचे कन्नड बोलणारे. शिवाय एका भक्तिगीतामुळे यातल्या निम्म्यांच्या आया. अशी सरमिसळ फार थोड्या गायकांच्या वाट्याला येते. डिसेंबरात तिकीट लावून पाच हजार माणसांचा कार्यक्रम करायचा असेल, तर जाहिरात कशी करावी?

माझं मत: चार स्वतंत्र मोहिमा. जाहिरातीला चार लाख धरा. पूर्व भागात तेलुगू लिपीतले डिजिटल (फ्लेक्सचे) फलक, अक्कलकोट रोडला कन्नड, विजापूर वेशीत उर्दू, उरलेल्या शहरात मराठी. फेसबुक-इन्स्टाग्रामवरही भाषा निवडून चार जाहिराती. सगळ्यांना चालेल असं एकच पोस्टर केलं तर ते कुणाच्याच डोळ्यात भरत नाही.

पूर्व भाग
तेलुगू लिपीतले फलक लावून पैसे वाया घालवू नका ओ. घरात तेलुगू बोलणारी, पण शाळा मराठी माध्यमात झालेली माणसं पूर्व भागात ढिगानं आहेत. त्यांना तेलुगू ऐकू येतं, वाचता येत नाही. तेलुगू माध्यमाच्या शाळा आहेत, नाही असं नाही, पण फलक काय फक्त तिथल्या मुलांसाठी लावणार? तीच गोष्ट दखनीची. ती बोलणारी पोरं मोबाईलवर देवनागरीत किंवा इंग्रजी अक्षरांत टाइप करतात.

म्हणून छापील मजकूर मराठीत ठेवा आणि आवाज तेलुगूत द्या. रिक्षा फिरवायची तर विडी कारखान्यात माल जमा करायच्या वेळेला फिरवा. दुपारी दोनला रिकाम्या गल्लीत ओरडून उपयोग नाही. अनाउन्समेंट ३० सेकंदांच्या वर नको, आणि तारीख, जागा, तिकिटाचा दर दोनदा सांगा, कारण रिक्षा पुढे सरकते आणि पहिलं वाक्य अर्धवट ऐकू येतं. आवाजासाठी हैदराबादच्या स्टुडिओतला माणूस घेऊ नका. इथली तेलुगू तेलंगणातून आलेली आहे आणि तिच्यात मराठी शब्द मुरलेत. पुस्तकी आंध्र वळणाची तेलुगू कानावर पडली की लोकांना ती पिक्चरची जाहिरात वाटते. कन्नडचंही तेच. इथल्या माणसाला विजापूर-कलबुर्गीकडचा हेल आपला वाटतो, बेंगळुरूचा परका.

फेसबुकवर भाषा निवडून जाहिरात देण्यातही हीच खोट आहे. ती निवड मुख्यतः माणसानं फोनवर आणि खात्यात कुठली भाषा ठेवलीय त्यावर चालते. पूर्व भागातल्या बहुतेकांचा फोन इंग्रजीत. तुम्ही 'तेलुगू' निवडलं की तुमचा खरा श्रोताच गळतो. त्यापेक्षा नकाशावर अशोक चौक, दत्तनगर, कुंभारीच्या विडी घरकुलावर पिन टाका, भोवती छोटा परीघ ठेवा आणि भाषेचा रकाना रिकामा सोडा.

तिकीट खिडकी
लिपीचा मुद्दा पटला, पण तुम्ही दोघंही एकच चूक करताय. चार मोहिमा म्हणजे चार गायक तयार करणं. तेलुगू रीलमध्ये 'मन वाडु', कन्नड रीलमध्ये 'नम्म हुडुग', दखनीत 'अपना भाई', म्हणजे सगळीकडे 'आपला माणूस'. हे सगळं दोन दिवसांत एकाच वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शेजारी-शेजारी येतं. सोलापुरात एका बाकावर चार भाषा बसतात, इथं काही लपून राहत नाही. मग स्क्रीनशॉट काढून थट्टा सुरू होते आणि ती जाहिरातीपेक्षा लांब जाते.

दिलजित दोसांझचं उदाहरण घ्या. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कोचेला संगीत महोत्सवात गायला, २०२४ च्या दौऱ्यात पुण्यातही आला. पगडी तीच, पंजाबी तीच, पोस्टर तेच. पुण्यात त्याला ऐकायला गेलेल्या प्रत्येकाला पंजाबी थोडंच येत होतं? एक चेहरा, एक रंग, एक ओळ. पैसा त्याच्यावर लावा.

आणि कन्नड लिपीतल्या फलकाबद्दल सांगायलाच हवं. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी अक्कलकोट-सोलापूरवर दावा सांगितला, त्यानंतर इथं काय वातावरण होतं ते आठवा. गायकाचा संबंध असो-नसो, फलक फाडायला कुणीतरी येणार आणि बातमी कार्यक्रमाची होणार नाही, फलकाची होणार.

दत्त चौक
दिलजितला पंजाबी बोलणारा पक्का पाया आहे, बाकीचे त्यावर चढले. आपल्या गायकाला एकही पाया पूर्ण नाही, चार अर्धे आहेत. तुम्ही बीटीएस या कोरियन बँडचं नाव घ्याल म्हणून आधीच सांगतो. २०२० च्या शेवटी त्यांचं मुख्यतः कोरियन गाणं बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या गाण्यांच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर उतरलं, हे खरं. पण त्याच वर्षी काही महिने आधी त्यांचं पूर्ण इंग्रजी गाणं पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं होतं. दार आधी दुसऱ्या भाषेनंच उघडलं.

जुळे सोलापूर
भाषेवर एवढं डोकं कशाला? श्रोत्यांतली खरी फट वयाची आणि चालीरीतीची आहे. ॲडम लॅम्बर्ट या अमेरिकन गायकाचं बघा. २००९ मध्ये 'अमेरिकन आयडॉल'मध्ये दुसरा आला तेव्हा त्याच्या मागे शाळकरी मुली, त्यांच्या आया, आज्या, जुने रॉकवाले आणि समलिंगी तरुण असा एकत्र गोतावळा होता. भाषा सगळ्यांची एकच. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्सच्या थेट प्रक्षेपणात त्यानं क्लबात शोभेल असं सादरीकरण केलं. घरी बसून बघणाऱ्यांच्या तक्रारी गेल्या, एबीसी वाहिनीनं त्याचा सकाळचा कार्यक्रम रद्द केला, मग सीबीएसनं त्याला बोलावलं. म्हणजे बिनसलं ते गोतावळ्यातल्या एकाच गटाला जे हवं होतं ते सगळ्यांसमोर वाढल्यानं. पुढे २०१२ पासून तो क्वीन या जुन्या रॉक बँडबरोबर दौरे करू लागला आणि जुने रॉकवाले तिथं आपोआप आले. त्यांना वेगळं पोस्टर लागलं नाही, वेगळा मंच लागला.

इथं त्याचा अर्थ असा: विडी कामगार बाई आणि हॉस्टेलचा पोरगा यांना एकाच कुंपणात उभं करू नका. समोर उभं राहून नाचायची जागा वेगळी, बाजूला खुर्च्यांचा कौटुंबिक विभाग वेगळा, त्याला स्वतंत्र गेट आणि जवळ स्वच्छतागृह. 'बायकांना नीट बसायला खुर्ची आहे आणि साडेनऊला संपतं' ही एक ओळ पूर्व भागात तेलुगूपेक्षा जास्त तिकिटं विकेल. परतीची बस सांगा. अशोक चौकातून कुंभारीपर्यंत बस ठरवली असेल तर तिची वेळ पोस्टरवर तारखेएवढ्याच टायपात छापा.

हिशोबनीस
दराबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून. संगीत कार्यक्रमाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या प्रवेश तिकिटाला जीएसटी माफ आहे, त्यापुढे १८ टक्के. ४९९ चं तिकीट लावलं तर ४९९ हातात. हौसेनं ५९९ केलं तर कर वजा जाता ५०७ रुपये ६३ पैसे उरतात. गिऱ्हाईकाच्या खिशातून शंभर गेले, तुमच्याकडे साडेआठ आले! ५०१ ते ६५० हा पट्टा विसरून जा. दर २९९, ४९९ आणि मग एकदम ९९९ किंवा १४९९. पूर्व भागासाठी २९९ च्या खुर्च्या काउंटरवर रोखीनं मिळाल्या पाहिजेत. ऑनलाइन सुविधा शुल्क वर चढलं की २९९ चं तिकीट २९९ राहत नाही.

करकाटा
अर्धंच सांगितलंत. माफ तिकिटं जेवढी, तेवढ्या प्रमाणात मंच-ध्वनी-प्रकाशावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (भरलेला कर पुढच्या करातून वजा करायची सवलत) परत करावं लागतं. मंच-ध्वनीचं बिल १० लाख अधिक १.८ लाख कर धरा. एकूण उत्पन्नातलं निम्मं माफ तिकिटांचं असेल तर ९० हजारांचं क्रेडिट गेलं. ४९९ ची ३,००० तिकिटं असतील तर तिकिटामागे ३० रुपये. तरीही ४९९ च बरोबर, पण फुकट पडत नाही. हे आधी न मांडणारे आयोजक मार्चमध्ये डोकं धरतात.

कन्सोलमागचा
जाहिरातीत कितीही जपा, गाण्यांचा क्रम चुकला की सगळं मातीत. नेहमीची चूक म्हणजे भाषेनुसार कप्पे: चार तेलुगू एकत्र, मग दोन कन्नड, मग मराठी. तेलुगू सुरू झाली की उरलेले पाण्याच्या स्टॉलकडे, कन्नड सुरू झाली की पूर्व भाग उठतो. दर पंधरा मिनिटांनी दीड हजार माणसं हलतात, कॅमेऱ्यात मैदान रिकामं दिसतं आणि त्याच रात्री त्या रील फिरतात. क्रम लयीनं लावा. ११० मिनिटांत २० ते २२ गाणी, एका भाषेची सलग दोनच. दोन भाषांत जोडगाणं करायचं तर सूर आणि ठेका जुळणारी गाणी निवडा, निवेदन मध्ये आणू नका. भक्तिगीत शेवटी ठेवू नका. आया-आज्या साडेआठला निघायच्या बेतात असतात. ते आठच्या आसपास घ्या.

रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा २००० च्या ध्वनी नियमांतला नियम आहे. बारापर्यंतची सूट वर्षातल्या ठरलेल्या मोजक्या दिवसांनाच, तीही शासनानं जाहीर केली तर. रुग्णालय, शाळा, कोर्टापासून १०० मीटर शांतता क्षेत्र, म्हणून पार्क असो की होम मैदान, मोजपट्टी घेऊन जा. दुसऱ्यांची तेलुगू पिक्चरची गाणी गाणार असाल तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्क संस्थेचा परवाना आधी काढा. आणि मकरसंक्रांतीच्या आठवड्यात तारीख धरू नका, गड्डा यात्रेत (सिद्धेश्वरांच्या जत्रेत) पोलीस नंदीध्वजांच्या मिरवणुकीला जातात, तुम्हाला बंदोबस्त मिळणार नाही.

पूर्व भाग
कन्सोलमागचा बोलला ते खरं. आता पासांचं. सोलापुरात कार्यक्रम पडतो तो पासांमुळे. नगरसेवक, मंडळ, प्रायोजक, ओळखीचा हवालदार, सगळ्यांना पास. चार बोलींच्या गायकाला मागणारेही चौपट, कारण प्रत्येक समाजाचा पुढारी वेगळा. पासांचा आकडा एकूण आसनांच्या ८ टक्क्यांवर अडवा, त्यावर नाव छापा आणि पासवाल्यांना मधली रांग द्या, पहिली नको. ४९९ देणारा मागे आणि पासवाला पुढे बसलेला दिसला की पुढच्या वेळी तो माणूसही पासच मागतो.

कुठली जाहिरात चालली हे कळायचं असेल तर पाच क्यूआर कोड पाच ठिकाणी द्या आणि काउंटरच्या तिकीटपुस्तकांना भागानुसार पाच रंग. रोज रात्री रंग मोजा. यूट्यूब किंवा स्पॉटिफायच्या आकड्यांत शहर दिसतं, पण त्या शहरात कोण तेलुगू आणि कोण मराठी हे दिसत नाही. व्हॉट्सॲप ब्रॉडकास्ट यादीत २५६ च नंबर बसतात, आणि तुमचा नंबर ज्यानं सेव्ह केलाय त्यालाच निरोप जातो. त्यामुळे भिशी आणि बचत गटातल्या बायकांना आधी नंबर सेव्ह करायला लावा, मग पाठवा.

तिकीट खिडकी
म्हणजे शेवटी काय, पोस्टर एकच, आवाज वेगळे! मी तेच म्हणत होतो.

दत्त चौक
तुम्ही 'एक चेहरा, एक ओळ' म्हणत होता, आवाजाचं तोंडातून काढलं नव्हतं. लिपीच्या बाबतीत मी चुकलो, मान्य. छपाई एकच मराठी, तेलुगू आणि दखनी फक्त कानाला. तीन रील, त्यांत 'आपला माणूस' हा शब्द कुठंच नको, फक्त गाण्याचा तुकडा आणि दर. पण अक्कलकोटचं सोडत नाही. तिथं आणि सीमेपलीकडे विजापूरला कन्नड वाचणारी माणसं आहेत, शंभर किलोमीटरवरून ती येऊ शकतात. विजापुरात कन्नड लिपीतला फलक लावायला कुणाची हरकत? तिथं मराठी लावला तर तो वाचणार कोण?

तिकीट खिडकी
विजापुरात लावा, बिनधास्त. तिथल्या पालिकेची परवानगी तिथं काढा. सोलापूरच्या हद्दीत लावाल त्या प्रत्येक फलकावर महापालिकेचा परवानगी क्रमांक आणि मुदत छापा, नाहीतर मालमत्ता विद्रूपणाचा गुन्हा गायकाच्या नावानं लागतो आणि फलकावर फोटोही त्याचाच असतो. अक्कलकोटला मात्र लिपी नको. रिक्षा फिरवा, कन्नडमध्ये, आणि सोमवारी नको, गुरुवारी, म्हणजे स्वामींच्या दर्शनाला आलेली गर्दी सापडेल.

हिशोबनीस
गुरुवारी अक्कलकोटला गर्दी बाहेरगावची असते ओ, पुण्या-मुंबईची. ती दर्शन करून संध्याकाळची गाडी धरते. गावात तिकीट विकायचं असेल तर आठवडी बाजाराचा वार विचारून घ्या.