'बिनशर्त प्रेम दाखवणे' : मराठीत नेमकं काय म्हणावं?

म्हापशाहून
आमच्या प्रार्थनागटातली मंडळी बांबोळीच्या हॉस्पिटलात रुग्णांच्या नातेवाइकांना पेज आणि लोणचं नेऊन देते. तिथे दोडामार्ग, सावंतवाडीकडची माणसं बरीच असतात, म्हणून एक लहानसं मराठी पत्रक काढायचं ठरलं. इंग्रजी मसुद्यावरून ओळ बेतली गेली ती अशी : 'ख्रिस्ती या नात्याने आम्ही सर्वांना बिनशर्त प्रेम दाखवतो.' कच्ची प्रत वाचून एका आजोबांनी विचारलं, "म्हणजे आधी शर्त होती काय?" प्रश्न गमतीचा होता, पण त्यामागची शंका गमतीची नव्हती. दुसरं काय लिहिता येईल? 'निरपेक्ष' चालेल?

डिचोलीहून (निवृत्त मराठी शिक्षक)
आजोबांचं काही चुकलं नाही. 'बिनशर्त' मराठीत कुठे भेटतो? बिनशर्त माफी, बिनशर्त पाठिंबा. एक कोर्टातला, दुसरा सरकार बनवतानाचा, आणि त्या पाठिंब्याच्या अटी किती दिवसांत बाहेर येतात हे आपण गोव्यात सांगायला नको! शब्द अट नाकारतो, पण अटीची आठवण करून देऊनच.

मला त्याहून जास्त खटकतो तो 'दाखवणे'. "तोंडावर प्रेम दाखवते हो, पाठ फिरली की बघ" हा या क्रियापदाचा घरगुती वापर. मराठीत राग दाखवतात, आदर दाखवतात. प्रेम दाखवलं की ते वरवरचं ठरतं. प्रेम करतात, माया करतात, जीव लावतात.

'निरपेक्ष' बरा आहे, 'निरपेक्ष सेवा' रुळलेलंही आहे. पण तो छापील शब्द. शिवाय 'धर्मनिरपेक्ष', 'निरपेक्ष सत्य' यांत त्याचा अर्थ वेगळ्याच वाटेने जातो. पत्रकात सरळ 'कसलीही अपेक्षा न ठेवता' लिहा.

फोंड्याहून
'निष्काम' कसा वाटतो?

डिचोलीहून
निष्काम म्हटलं की पुढे कर्म आलंच. प्रेमाला तो चिकटत नाही.

वास्कोहून (मूळचा वसईकर)
मुळात 'बिनशर्त प्रेम' हा शब्दप्रयोग बायबलात नाहीच. त्याचा आजचा बोलबाला विसाव्या शतकातल्या मानसशास्त्रामुळे, विशेषतः कार्ल रॉजर्सच्या मांडणीमुळे वाढला. प्रवचनांतून सांगतात की ग्रीक 'अगापे' म्हणजे देवाचं बिनशर्त प्रेम. हे ऐकायला छान आहे, पण प्रेषित पौलाला सोडून गेलेल्या देमास या सोबत्याला 'हे जग' प्रिय झालं असं बायबलात तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात येतं (4:10), तिथेही क्रियापद त्याच धातूचं! तेव्हा सगळा भार त्या एका शब्दावर टाकू नये.

अट नसणं हे गोष्टीत दिसतं. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू सांगतो त्या गोष्टीतला शोमरोनी घ्या. यहुदी आणि शोमरोनी यांचं एकमेकांशी वाकडं. तरी लुटारूंनी मारून वाटेवर टाकलेल्या माणसापाशी हा थांबतो, त्याच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवून त्या माणसाला उतारशाळेत नेतो. दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दिनार देतो, म्हणजे साधारण दोन दिवसांची मजुरी, आणि जास्त लागले तर परत येताना देईन म्हणतो. पडलेल्याला नाव नाही विचारत, गाव नाही विचारत. या सगळ्यात तो 'प्रेम' हा शब्द तोंडातून काढत नाही.

पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातही तेच. 'प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे' असं आपण मराठीत वाचतो, मूळ ग्रीकमध्ये ती क्रियापदं आहेत : सोसते, भलं करते. लॅटिनमध्ये त्या प्रीतीला 'कारितास' म्हटलं. त्यातूनच इंग्रजी 'चॅरिटी' आला आणि वापरता वापरता दानधर्मापुरता उरला. पत्रकात 'सेवाभावी' वगैरे घालू नका, तुमचीही तीच गत होईल.

मडगावहून
आमच्या कोकणीत 'मोग करप' म्हणतात, तिथेही करणंच आहे. उदाहरण घरचंच देतो. संत जुझे वाझ, 1651 मध्ये बाणावलीत जन्मले. श्रीलंकेत डच कॅथलिकांच्या मागे लागले होते तेव्हा 1687 मध्ये वेष बदलून तिकडे गेले. 1697 मध्ये कँडीत देवीची साथ आली. लोक आजारी माणसांना सोडून पळत होते. यांनी आणि त्यांच्या भाच्याने झोपड्या उभारून त्यांची शुश्रूषा केली. रोग्यांत कॅथलिक किती, बौद्ध किती ते पाहिलं नाही. 2015 मध्ये कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं.

डिचोलीहून
वसईकरांनी 'प्रीती' काढली म्हणून आठवलं. तुकोबांनी हा अर्थ कधीच बांधून ठेवलाय : 'ऐसी कळवळ्याची जाती । करी लाभाविण प्रीती ॥' मराठी बायबलातली प्रीती आणि ही प्रीती एकच. 'लाभाविण प्रीती' दोडामार्गच्या आजोबांना समजावून सांगावी लागणार नाही.

वास्कोहून
सुंदर आहे, पण सर, त्या अभंगात माउली आणि लेकरू आहे. आईने आपल्या पोरावर माया करावी यात नवल काय? मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू नेमकं तेच विचारतो : आपल्यावर प्रीती करणाऱ्यांवरच केली तर लोकांना नकोशा असलेल्या जकातदारांहून वेगळं काय केलंत? तो तर वैऱ्यांवर प्रीती करायला सांगतो.

डिचोलीहून
माउली हा दृष्टान्त. अभंगाच्या शेवटी तुकोबा आपलं ओझं संतांवर टाकतात. आईसारखं परक्याचं ओझं वाहणारे ते संत. वैऱ्याचा मुद्दा मात्र मान्य, तो या ओळीत नाही. पण पेजेच्या रांगेत वैरी कोण आहे?

वास्कोहून
म्हणजे पटलं. एक सुचवतो, खाली 'धर्म, जात, गाव विचारलं जाणार नाही' एवढं छापा. आजोबांची खरी शंका तीच होती.

म्हापशाहून
गटात बोलले. 'ख्रिस्ती या नात्याने' काढायचं का यावर थोडा वाद झाला, शेवटी ठेवलं, लपवल्यासारखं नको म्हणून. आता असं : 'आम्ही ख्रिस्ती आहोत. तुमच्यासाठी पेज आणली आहे. लाभाविण प्रीती. धर्म, जात, गाव विचारणार नाही, काही मागणार नाही.' लाभाविण की लाभावीण?

डिचोलीहून
जुन्या पाठात ऱ्हस्व. आजच्या नियमाने अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार दीर्घ, म्हणून 'लाभावीण'. पत्रकात दीर्घ घाला. आणि 'पेज'च्या जोडीला लोणचंही लिहा, ते राहिलंय.